वरची धार

दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी मी माझ्या नातीला तापाचं औषध पाजलं, आणि बारा पंचेचाळीसला मला कळलं की मी काय करून बसले.

मधली पाच मिनिटं मी जगातली सगळ्यात हुशार आजी होते.

नात दहा महिन्यांची. सकाळपासून अंगात ताप. ताप असा की तिच्या कपाळावर ज्वारीची भाकर टाकली असती तर टम्म फुगली असती. मुलगा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत, तो शनिवारीच घरी येतो. सून उटनूरच्या सरकारी कचेरीत. त्या दिवशी ती जायला तयार नव्हती, पण कचेरीत तपासणी होती, वरून साहेब लोक येणार होते. मीच तिला रस्त्यापर्यंत ढकलत नेलं.

"आई, डॉक्टरनं औषध बदलवलं हाय," बसच्या पायरीवरून ती सांगत होती. "सातला मी एक एमएल देल्लं. दुपारी ताप असला तर अजून एक एमएल. ड्रॉपरनं द्या. ड्रॉपर खोक्यातच हाय."

"मले शिकवून राह्यली का तू? तीस वर्षं मी..."

"मोजपात्र धरलं, मालूम हाय मले," सून म्हणाली, आणि बस निघून गेली.

आता त्या मोजपात्राचं सांगते. आदिलाबादहून उटनूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात मराठी शाळा आहे, तिथं मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. तीस वर्षांत माझ्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. एकदाच झाला. तो अॅसिडचा होता, आणि त्यानं फरशीला एवढं खोल भोक पाडलं की मुख्याध्यापक त्यात बोअरची मोटर सोडायला निघाले होते. "डोळा पाण्याच्या पातळीला आणा, खालची कड वाचा," हे मी इतक्या वेळा म्हटलंय की शाळेच्या लिंबावरचे पोपटसुद्धा वाकून खालची कड वाचायचे. यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं ते विचारू नका.

पण शाळेचं माप शाळेत. घरी आल्यावर माझा हात हेच माझं माप. फोडणीचं तेल हातानं, वरणाचं पाणी हातानं. आणि लेकरांना काही पाजायचं झालं तर बोंडलं. बोंडलं म्हणजे चोच असलेली पितळी वाटी, तान्ह्या बाळाच्या तोंडाला बरोबर लागते. माझ्या आईची आहे. आत आईनं खिळ्यानं एक रेघ ओढलेली आहे, गोल, सगळीकडून. त्या रेघेपर्यंत बाळकडू, त्या रेघेपर्यंत खोकल्याचं औषध, त्या रेघेपर्यंत तापाचं. मी त्याच रेघेवर वाढले, माझा मुलगा वाढला. रेघेत किती मावतं हे तीस वर्षं मोजपात्र धरणाऱ्या बाईनं कधी मोजलं नव्हतं. का मोजावं? रेघ होती ना.

तर बारा चाळीस. शाळेची जेवणाची घंटा नुकतीच झाली होती, म्हणून वेळ पक्की. फळीवरची बाटली काढली. गुलाबी औषध, मागच्या महिन्यातल्यासारखंच, फक्त बाटली लहान. मनात म्हटलं, कंपन्या पण काय चिक्कू झाल्या. बोंडल्यात ओतलं, पाजलं. पोरगी मिटक्या मारत प्यायली. हनुवटीवर ओघळ आला, तो मी बोटानं पुसून परत तिच्याच तोंडात घातला. वाया कशाला घालवायचं?

मग खोकं फेकायला उचललं आणि आतून ड्रॉपर पडला.

एवढासा. त्यावर दोनच खुणा. खालची अर्ध्या एमएलची, वरची एकाची. मी चष्मा लावला आणि बाटलीवरचं वाचलं. जुन्या औषधाच्या पाच एमएलमध्ये जेवढा औषधाचा अंश, जवळजवळ तेवढा या बाटलीच्या एकाच एमएलमध्ये होता. हे औषध घट्ट होतं. ड्रॉपरनं थेंब मोजून द्यायचं होतं, आणि मी ते चोचीच्या वाटीनं पाजलं होतं.

तेवढ्यात आमचे हे शेतातून जेवायला आले. यांची कपाशी, यांचा फवारा. एका पंपाला किती औषध, तर "दीड झाकण". कोणत्या बाटलीचं झाकण हे विचारलं की म्हणायचे, "जे हाती येईन ते." यावरून मी यांना बारा वर्षं टोमणे मारत आले होते. हातपाय धुऊन दारात उभे राहिले आणि माझं तोंड पाहून थबकले.

"काय झालं मॅडम? कोणी मेलं का?"

मी बाटली पुढे केली. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आणि माझ्या तोंडातून शब्द न फुटणं ही आमच्या घरातली पहिलीच वेळ, त्यामुळे ते जास्त घाबरले.

डॉक्टरचा नंबर चिठ्ठीवर होता. डॉक्टर आदिलाबादच्या दवाखान्यातले, तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायचे.

"अम्मा, कितना दिया?"

"थोडासाच दिया, साब."

"थोडासा मतलब? एमएल में बोलो."

मी बोंडल्याकडे पाहिलं.

"बच्ची का वजन कितना है?"

"बारा किलो," मी म्हणाले. गावात मी सगळ्यांना बाराच सांगितलं होतं. नात आहे माझी, नऊ कशी सांगू?

"नऊ!" मागून हे ओरडले. "अंगणवाडीच्या कार्डावर नऊ हाय! फोनवर तरी खरं बोल!"

"नऊ," मी म्हणाले. "नौ किलो, साब."

मग डॉक्टर सावकाश बोलले, वर्गातल्या ढ पोराशी बोलावं तसं. "अम्मा, सुनो. जिसमें पिलाया वो नापो. बोतल में कितना बचा वो भी नापो. दस मिनट में फोन करो, और तब तक गाडी बुला के रखो. मेरेको अंदाजा नहीं चाहिए. जो आकडा बोलोगे, उसी पे मैं तय करूंगा."

हे ऑटोवाल्याला फोन लावायला बाहेर गेले. मी जमिनीवर बसले. पुढ्यात बोंडलं, बाटली, ड्रॉपर, पाण्याचा गिलास, एक कोरडी स्टीलची वाटी. नात चादरीवर पडून स्वतःच्या पायाचं बोट ओढत होती. तिचा ताप उतरायला लागला होता आणि मला तेही आवडलं नाही. इतक्या लवकर काऊन उतरून राह्यला?

आधी बोंडलं. रेघेपर्यंत पाणी भरलं. ड्रॉपरनं ओढलं, एक. वाटीत सोडलं. दोन. तिसऱ्याला आत बुडबुडा आला, ते परत सोडून पुन्हा ओढलं. डोळा पातळीला आणला. खालची कड वाचली. चार. पाच. बोंडलं कोरडं.

पाच. म्हणजे पाच एमएल. एकाच्या जागी पाच हे वाईटच, पण आकडा हाती आला.

मग बाटली. बाटलीवर पंधरा छापलेलं. सकाळचं एक गेलं, चौदा राहिले. त्यातून पाच गेले, नऊ उरायला हवेत. वाटीतलं पाणी फेकून ती पुसली आणि ड्रॉपरनं एकेक काढत तिच्यात सोडलं. पाच, सहा, सात. आठव्याला ड्रॉपर तळाशी नुसता सुरसुरला.

पुन्हा मोजलं, वाटीतून परत बाटलीत. सातच.

दोन एमएल कुठं गेले?

मी चादर हुंगली. उशी हुंगली. पोरीचं झबलं काढून उजेडात धरलं. गुलाबी डाग नाही, चिकट काही नाही. फळीवर बोट फिरवलं, कोरडी. आणि मग, खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात एक विचार आला. सुनेनंच सकाळी तीन दिले असतील. घाईत होती, बस पकडायची होती. मग माझे पाच ते पाचच.

हा विचार इतका सोयीचा होता की मी लगेच सुनेला फोन लावला.

"सकाळी किती देल्लं तू? नक्की?"

"एक. दोनदा पाह्यलं अन् देल्लं. काऊन?" तिचा आवाज बदलला. "आई? काय झालं?"

"जास्त झालं पोरी."

"किती?"

"पाच. नाई तं सात. पाहून राह्यली."

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या मागे कचेरीतला पंखा आणि कोणीतरी फाइल आपटल्याचा आवाज येत होता. मग ती अगदी हळू बोलली, "आई, बरोबर सांगा त्याईले. वाढवून नका सांगू, अन् कमी करूनबी नका सांगू. मी आदिलाबादले निघतो."

फोन ठेवला तेव्हा दहातली सात मिनिटं गेली होती. नातीचे डोळे मिटायला लागले होते.

"झोपून राह्यली ती!" मी म्हणाले.

"तापातलं लेकरू झोपतेच," हे म्हणाले, पण उचलून खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवर तळहात ठेवून उभे राहिले, श्वास मोजत. "ऑटो येऊन राह्यला. किती सांगतं त्याईले?"

"बोंडल्यात पाच मावते. मी रेघेलोकच भरलं. माहा हात चुकत नाई."

"मंग दोन कोणं पेले? मांजरीनं?"

"बाटलीत आधीच कमी असन. कंपनीचं काय खरं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात यांनी माझी वाढवलेली वाक्यं मुकाट्यानं ऐकली. पैनगंगा मी पोहून पार केली असं मी सांगायची तेव्हासुद्धा, घोट्याइतकं पाणी होतं हे माहीत असून, हे शेजारी बसून मान हलवायचे. या वेळी मान हलली नाही.

"करून दाखव," ते म्हणाले. "कसं ओतलं, ते पाणी घेऊन करून दाखव मले."

मागच्या महिन्याची रिकामी बाटली होती. तिच्यात पाणी भरलं. बोंडलं डाव्या हातात धरलं, आणि जसं दुपारी ओतलं तसं ओतलं. पाणी रेघेला लागलं. मी बाटली वर उचलली.

"पाह्य. रेघेलोक."

"आन् हे?"

"काय हे?"

"आता जे टाकलं ते. वरतून."

मी खाली पाहिलं. पाणी रेघेच्या वर होतं. चांगलं नखभर वर, काठाच्या खाली. बाटली उचलल्यावर माझ्या मनगटानं तिला पुन्हा कलवलं होतं, एकदाच, छोटीशी धार. माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मला दिसलं नाही.

"वरची धार," हे म्हणाले. "तुया मायची."

माझी आई मजुरी करायची. मजुरीत तेल मिळायचं, दुकानदार मापून द्यायचा, आणि मापताना त्याचा अंगठा मापाच्या आत असायचा. अंगठ्याएवढं तेल रोज कमी. आई बोलायची नाही, बोलून दुसऱ्या दिवशी काम मिळालं नसतं. पण घरी येऊन आम्हाला काहीही वाढताना, दूध असो, आंबील असो, काढा असो, माप भरलं की ती वरून एक धार सोडायची. "माह्या घरी मापात अंगठा नसते," म्हणायची. आमच्यात सगळ्या बाया तसंच ओततात. कोणी शिकवत नाही. आईच्या कडेवर बसून बघता बघता हाताला लागतं.

ड्रॉपर घेतला. एक, दोन, तीन. सहा. सातव्याला ड्रॉपर खुणेपर्यंत भरला. केसभर कमी, पण सातच.

फोन हातात घेतला तेव्हा मी काय विचार करत होते ते सांगते. पाच म्हटलं तर आजीची चूक. सात म्हटलं तर मास्तरीण चुकली, आई चुकली, ती रेघ, तो अंगठा, सगळंच आलं. पाच म्हणणं किती सोपं होतं. बोंडल्याच्या रेघेत खरोखर पाच मावत होते, कोणीही मोजून पाहावं. आयुष्यभर मी आकडे वाढवत आले आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला एक आकडा कमी करावासा वाटला.

पोरगी यांच्या खांद्यावर झोपली होती. तिची लाळ यांच्या सदऱ्यावर उतरत होती.

"सात," मी फोनमध्ये म्हणाले. "सात एमएल, साब. बारा चाळीस को. सब पिया. थुका नहीं."

"पक्का?"

"पक्का. दो बार नापा."

"निकलो," डॉक्टर म्हणाले. "बोतल और वो कटोरी साथ में लाना."

आम्ही ऑटोत बसलो. तो प्रवास मी गावात कसा सांगते तेही सांगून टाकते, म्हणजे कोणी दुसऱ्याकडून ऐकलं तर गोंधळ नको. ऑटो वळणावर दोन चाकांवर गेला, समोरून आलेल्या लॉरीच्या खालून निघाला, आणि आदिलाबादच्या चौकात पोलिसानं सलाम ठोकला. प्रत्यक्षात ऑटो सावकाश चालला होता, कारण रस्त्याचं काम चालू होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला मी पोरीच्या नाकाखाली बोट धरत होते. श्वास लागला की पुढचा खड्डा येईपर्यंत मी जगत होते.

सून कचेरीच्या जीपनं आम्हाला वाटेत मागं टाकून आधी पोचली होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी होती, खांद्यावर पर्स, पायात एकच चप्पल. दुसरी कुठं गेली ते तिला आजही आठवत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. यांच्या खांद्यावरून मुलगी उचलली आणि आत गेली.

ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाई लहान वयाच्या, माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी कागद पुढे ओढला. "कोणी पाजलं?"

"मी."

"किती, कधी, वजन किती?"

सून बाजूलाच उभी होती. तिचं सगळं अंग माझ्या तोंडाकडे लागलं होतं.

"सात एमएल. बारा वाजून चाळीस मिनिटं. नऊ किलो, मागच्या आठवड्यात अंगणवाडीत मोजलेलं. सकाळी सातला एक एमएल, ते हिनं दिलं, ड्रॉपरनं."

मी बाटली ठेवली. शेजारी बोंडलं ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी ते उचलून आतली रेघ पाहिली. "या रेघेपर्यंत?"

"नाही. रेघेच्या वर. रेघेत पाचच मावतात. दोन मी वरून टाकले."

सुनेनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहिलं, कागदावर चार चाळीस लिहून त्याभोवती गोल काढला. पाजल्यापासून चार तास झाल्याशिवाय रक्त काढून उपयोग नाही, म्हणाल्या. "वेळ पक्की सांगितली ते बरं झालं. अर्धे लोक सांगतात, दुपारी कधीतरी दिलं."

तोपर्यंत थांबायचं. बाकावर आम्ही तिघं आणि मधोमध पोरगी, सलाइनची सुई लावलेली. सून तिच्या पायाचा अंगठा धरून बसली होती. तीन वाजले. साडेतीन झाले. पोरीनं एकदा उलटी केली आणि आम्ही तिघंही एकदम उभे राहिलो. नर्सनं येऊन पाहिलं, "नुसतं दूध आहे, बसा," म्हणाली. आम्ही बसलो. चार वाजता हे बाहेर जाऊन चहा घेऊन आले आणि कोणीच प्यायलं नाही, त्यावर साय धरली. चार चाळीसला रक्त काढलं. पोरगी इतक्या जोरात रडली की मला आनंदानं रडू आलं.

रक्ताचा निकाल यायला अजून तास गेला. त्या तासात सून एकदाच बोलली.

"आई, तुमी पाच बी सांगू शकत होत्या."

"हो."

"मले वाटलं बी होतं, पाचच सांगतीन."

मी पोरीच्या अंगावरची चादर सारखी केली.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. आकडा ठीक होता. यकृताला धोका नव्हता. रात्रीपर्यंत ठेवून घरी न्या, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा. हे भिंतीला टेकले आणि तसेच हळूहळू खाली बसले, गोणी सरकावी तसे.

निघताना सुनेनं टेबलावरचं बोंडलं उचललं. मला वाटलं आता हे कचऱ्यात जाणार, आणि मी हात पुढे करणार नव्हते. नळाखाली तिनं ते धुतलं. चोचीत बोट घालून धुतलं, पदरानं पुसलं, आणि विचारलं, "हे वरतून काऊन टाकता तुमी?"

मी तिला अंगठ्याचं सांगितलं. काही न वाढवता सांगितलं, म्हणून फार लवकर संपलं.

तिनं बोंडलं पर्समध्ये टाकलं. "दुधाची टाका ना आई धार," ती म्हणाली. "दुधाची किती बी टाका."

आठवड्यानं डॉक्टरनं पोरीला व्हिटॅमिनचे थेंब लिहून दिले. सुनेनं बाटली आणि ड्रॉपर माझ्या हातात दिला आणि स्वतः बाजूला उभी राहिली. मी ड्रॉपर डोळ्यासमोर धरला. तिनंही वाकून डोळा पातळीला आणला. आम्ही दोघींनी खालची कड वाचली.

"एक," ती म्हणाली.

"एक," मी म्हणाले. आणि बाटलीकडे परत निघालेलं माझं मनगट मी दुसऱ्या हातानं धरून ठेवलं.